लहान तोंडी मोठा घास



दुसऱ्यावर अन्याय होत असता लहान मुलांनी त्याविरुद्ध बोलावे, हे त्यांना कसे शिकवावे, असा विषय या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला दिला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडे हसू झाले. एक सहकारी म्हणाले, ‘‘आबा, तुम्हांला शाळेनं नववीच्या पुढं ठेवून घेतलं नाही, आणि तुम्ही आता शाळेला शिकवणार?’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमचे शिक्षण झाले ते कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि नगरवाचनालयाच्या कपाटांपाशी. बालमानसशास्त्राचे आम्हांला काही कळत नाही. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, साखर कारखान्यांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर तीस वर्षे सभा घेतल्यामुळे एक गोष्ट मात्र चांगली कळली आहे. स्वतःच्या बोनससाठी ओरडणारा माणूस तयार करायला आठ दिवस पुरतात. शेजारच्या यंत्रावर राबणाऱ्या कंत्राटी मजुरासाठी बोलणारा माणूस तयार करायला आठ वर्षेही पुरत नाहीत. तो आमच्याकडे येतो तेव्हा चाळिशीचा असतो, आणि गप्प बसण्याची सवय त्याला सातव्या वर्षीच लागलेली असते. म्हणून हा विषय आम्ही घेतला, आणि उत्तर शोधायला आपल्याच भागाच्या इतिहासाकडे वळलो.

आपला भाग म्हणजे कोणता, हे आधी सांगतो. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातलेच. १९४९ साली त्यांना संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा आज आपण दोन जिल्हे म्हणतो, तरी ही कहाणी एकाच घरातली आहे.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी भाषणे होतात, ती आम्हीही केली आहेत. परंतु त्या वर्गात रोज काय घडत होते, ते बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत आले आहे. त्या आठवणी १९९० साली पुस्तिकारूपाने बाहेर आल्या. बसायला तरट. ते वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे टाकायचे. शाळा झाडणारा गडी त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर स्वतः नळ उघडायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची, मग शिपायाने येऊन तोटी फिरवायची. शिपाई नसला तर पाणी नाही.

हे आपण अनेकदा ऐकले आहे, आणि ऐकून हळहळलो आहोत. आम्हांला मात्र तेथे एक वेगळाच प्रश्न पडतो. वर्गात बाकीची मुले होती ना? ती नळाला हात लावू शकत होती. त्यांतल्या कोणीही उठून तोटी फिरवली असती तर रूढीचा नियमही मोडला नसता. कारण तो पोरगा नळाला शिवत नव्हता, दुसराच कोणी नळ उघडीत होता. भाषण करायचे नव्हते, मास्तरांशी भांडायचे नव्हते. एक लहान हात पुरे होता. पण तो हात उठल्याचे त्या आठवणींत कोठे दिसत नाही. शिक्षकांपैकी एकाची आठवण मात्र बाबासाहेब कृतज्ञतेने सांगत : आंबेडकर आडनावाचे एक मास्तर आपल्या शिदोरीतली भाजीभाकरी त्यांना देत असत. मोठ्यांमध्ये असा एक निघाला.

दुसरा प्रसंग १९०१ चा. वडील रामजी हे खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदणे चालू होते. त्यांनी सुट्टीत मुलांना बोलावले. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीचे दोन मुलगे असे चौघे नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली, आणि आपण महार आहोत असे भिवाने सरळपणे सांगून टाकताच त्यांचा चेहरा बदलला. गाडीवान चौघांना घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बरोबर चालत यायचे, असे ठरले. सोबत डबा होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळ अन्न असून मुले उपाशी राहिली.

या स्टेशनमास्तरांविषयी आम्ही पुष्कळ विचार केला आहे. ते दुष्ट नव्हते. दुप्पट भाड्याची तोड त्यांनीच काढली. आमच्या तीस वर्षांत अशी माणसे आम्हांला फार भेटली : कामगार अधिकारी, मुकादम, कधी कधी आमच्याच युनियनचे पदाधिकारी. त्यांना दया येते, ते तडजोड काढून देतात, आणि त्या तडजोडीची किंमत ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच खिशातून जाते. स्टेशनवर त्यांचा शब्द चालत होता. ‘‘ही पोरे माझ्या ओळखीची आहेत, यांना ने,’’ एवढे त्यांना म्हणता आले असते. तो शब्द तोंडातून निघाला नाही, कारण, आम्हांला वाटते, लहानपणी तो कधी निघालाच नव्हता.

आता हे सांगताना आम्ही उंचावर उभे आहोत असे कृपा करून समजू नये. १९८० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही पाचवीत होतो. शाळेचे नाव सांगत नाही. अशा शाळा तेव्हा पुष्कळ होत्या. वर्गातील एका बऱ्या घरच्या मुलाची कंपासपेटी हरवली. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या एका भटक्या कुटुंबातला मुलगा आमच्या वर्गात नुकताच आला होता. त्याच्या पिशवीची झडती झाली, काही सापडले नाही, तरी छड्या त्यालाच बसल्या. ती पेटी तिच्या मालकाने मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवलेली आम्ही स्वतः पाहिली होती. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. तोंड उघडले नाही. मास्तरांची भीती होती हे खरे; पण त्याहून जास्त भीती होती ती घरची. आमचे वडील हमाल होते, चांगला माणूस होता, आणि रोज सकाळी शाळेत जाताना एकच उपदेश करायचे : आपण बरे, आपले काम बरे. दुसऱ्या दिवशी पेटी कट्ट्यावर सापडली. मास्तर म्हणाले, ‘‘बरं झालं, मिळाली.’’ दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. पाल हलले होते. चाळीसांहून अधिक वर्षे झाली. त्याचे नाव आम्हांला आठवते, पण येथे घेण्याचा आम्हांला अधिकार नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची दीड दिवसाची शाळा प्रसिद्ध आहे. १९२० साली जन्मलेला हा मुलगा वाळवा तालुक्यातल्या शाळेत मिळालेल्या वागणुकीने शाळा सोडून गेला, आणि पुढे कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठली. पुढचे सर्व जगाला माहीत आहे. आमच्या चळवळीत त्यांचे नाव नुसते घेतले तरी सभेत टाळी पडते. पण त्या दीड दिवसात त्याच्या शेजारी जी पोरे बसली असतील, तीही वाटेगावचीच होती.

मग मुले बोलतात तरी केव्हा?

सगळ्यांत जुने उदाहरण साताऱ्याबाहेरचे आहे, तरी त्याचे मूळ आपल्याकडेच पोहोचते. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, आणि सावित्रीबाई ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मल्या. त्यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. त्या निबंधाच्या नावाकडे आम्ही आपले लक्ष वेधतो. ती मांगाची मुलगी. पण निबंध मांग आणि महार या दोघांच्या दुःखाविषयी आहे. आपल्याबरोबर शेजारच्या जातीचेही दुःख तिने मांडले. आणखी एक : ज्यांनी तिला अक्षर शिकवले त्यांनी तिचे बोलणे ऐकूनही घेतले, आणि एक छापखाना ते छापायला तयार झाला. मुलाने बोलायचे ठरवले तरी ऐकणारा मोठा माणूस नसला तर ते बोलणे तेथेच विरते. आमच्या अनुभवाने हे अर्धे काम आहे, आणि ते मुलांचे नाही, आपले आहे.

आता कर्मवीर भाऊराव पाटलांकडे येतो. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. भाऊरावांविषयी आम्हांला घरोबा वाटतो याचे एक कारण असे की, हा माणूस किर्लोस्करांचे आणि कूपरचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरला. कारखान्याचा घाम आणि शेतकऱ्याचे कर्ज ही दोन्ही त्याने जवळून पाहिली. असो. चरित्रकार त्यांच्या लहानपणची विट्याची एक गोष्ट सांगतात. तेथील विहिरीवर अस्पृश्यांना पाणी काढू देत नसत. बाया घागर घेऊन ताटकळत, कोणी वाढील तेवढ्यावर भागवत. शाळकरी भाऊने ते पाहिले आणि एके दिवशी विहिरीचा रहाट मोडून विहिरीत टाकला. त्यांना नाही तर कोणालाच नाही!

ही गोष्ट शाळेत सांगावी की नाही, यावर आमचा एका मुख्याध्यापकांशी वाद झाला होता. ते म्हणाले, ‘‘रहाट मोडायला शिकवायचे काय मुलांना?’’ आम्ही युनियनवाले. यंत्र मोडणाऱ्याला आम्ही संपातून बाहेर काढतो. रहाट मोडल्याने त्या बायांच्या घागरी भरल्या नाहीत, हे आम्हांलाही मान्य आहे. पण हे पाहा : त्या पोराला शब्द सापडला नव्हता, म्हणून हात चालला. जे मूल अन्याय पाहते आणि ज्याला तो कसा बोलून दाखवावा हे कोणी सांगितलेले नसते, ते एक तर गप्प बसते, नाही तर काहीतरी मोडते. गोष्ट सांगावीच, आणि मग मुलांना विचारावे, भाऊच्या जागी तुम्ही कोणाकडे गेला असता, काय म्हणाला असता? आम्ही एका वर्गात विचारून पाहिले. एक मुलगा म्हणाला, ‘‘मी आधी आईला सांगितलं असतं.’’ सगळे हसले. आम्हांला ते उत्तर चांगले वाटले.

कोल्हापुरात शिकताना भाऊराव जैन वसतिगृहात राहत. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला हजर राहून आल्यावर स्नान करून शुद्ध हो असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, आणि वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. येथे रहाट मोडलेला नाही. एक ‘नाही’ आहे, आणि त्याची किंमत भरलेली आहे. विट्यापासून कोल्हापूरपर्यंत एवढे अंतर ते चालून आले होते. पुढे नांगर विकत फिरताना शाळेबाहेर बसलेला एक दलित मुलगा त्यांना दिसला, त्याला त्यांनी कोल्हापूरला नेऊन शिक्षणाला लावले, असे चरित्रकार सांगतात. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. १९२० साली बाबासाहेब विलायतेस गेल्यावर ‘मूकनायक’चे संपादन करणारे हेच घोलप.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले, आणि १९२७ साली गांधीजींनी भेट दिली तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. या वसतिगृहाचा इतिहास लिहिणारे सहसा त्याची वाढ सांगतात : शाळा किती, महाविद्यालये किती. आम्हांला त्याचे स्वयंपाकघर महत्त्वाचे वाटते. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा घरांतली पोरे एका छपराखाली राहत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातले काम आपल्या हातांनी करीत, आणि एका पंक्तीला जेवत. धान्य गावोगाव मागून आणलेले. त्यावेळी साताऱ्यातल्या प्रतिष्ठित घरांत याचा केवढा गवगवा झाला असेल, हे आज समजणे कठीण आहे.

आता विचार करा. साताऱ्याच्या त्या सरकारी शाळेत १९०० साली जो हात नळापर्यंत गेला नाही, तो का गेला नाही? कोपऱ्यातल्या तरटावरचा मुलगा त्या हाताच्या ओळखीचाच नव्हता. त्याच्याबरोबर त्याने कधी लाकूड फोडले नव्हते, त्याच्या हातची करपलेली भाकरी खाऊन त्याच्याशी भांडण केले नव्हते. अवघ्या चोवीस वर्षांनी त्याच गावात अशी पोरे तयार होऊ लागली की ज्यांच्या दृष्टीने ‘दुसरा’ म्हणजे काल रात्री आपल्या शेजारी झोपलेला गडी. त्याचा कोणी बाहेर अपमान केला तर तोंड उघडायला वेगळा धडा कशाला लागतो? भाऊरावांनी नीतिपाठाची पुस्तके फारशी वाटली नाहीत. पाटी आणि टोपले वाटले. याच कारणाने वर्गात महिन्यातून एकदा अन्यायाविरुद्ध भाषण ठेवण्यावर आमचा फारसा विश्वास नाही. भाषण आम्हीही देतो.

आणि मुले मोठ्यांकडे पाहत असतात. लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकायला दिले. पोरांनी ते पाहिले. १९४८ साली भाऊरावांनी सरकारवर टीका केली, आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. पोरांनी तेही पाहिले, आणि त्यानंतर लोकांनी वर्गणी करून संस्था उभी ठेवली, हेही पाहिले. आमच्या वडिलांनी ‘आपण बरे’ म्हणून जे शिकवले, ते त्यांनी आयुष्यभर करून दाखवले म्हणून आम्ही शिकलो. उलटे शिकवायचे तर उलटे करूनच दाखवावे लागते. यात एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. बोलणाऱ्या मुलाला मार बसतो, मित्र तुटतात, कधी शाळा सुटते. भाऊरावांना वसतिगृह सुटले. तेव्हा आपल्या मुलाने बोलावे अशी इच्छा धरणाऱ्या आईबापांनी, ते मूल बोलून घरी आल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी आधी करावी. ती नसेल तर निदान त्याला ‘तुला काय पडले होते?’ असे तरी विचारू नये.

शेवटी एक ताजी हकिगत. दसरा-दिवाळीनंतर आपल्या साखर कारखान्यांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, पाडव्याच्या आसपास परत जातात. त्यांची पोरे चार-पाच महिने उसाच्या फडात वाढे बांधतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क आहे, आणि तेवढ्यापुरते आमचे कार्यकर्ते कोप्यांवर फिरून पोरांना शाळेत पोहोचवतात. दोन वर्षांपूर्वी माघात एका प्राथमिक शाळेत आम्ही अशी पाच पोरे घेऊन गेलो. ती मागे बसली. तिसरीतल्या एका गावच्या मुलीने उभे राहून विचारले, ‘‘बाई, ह्यांना पुस्तकं का न्हाईत?’’ बाईंनी सांगितले, पुस्तके त्यांच्या गावच्या शाळेत दिलेली आहेत. मुलगी म्हणाली, ‘‘मग ती हितं कशी वाचणार?’’ बाईंकडे उत्तर नव्हते. त्यांनी ते कबूल केले, आणि मुलीला विचारले, काय करावे? ती आपले पुस्तक घेऊन मागे जाऊन बसली.

हे ऐकायला गोड वाटते. पण आठ दिवसांत पुस्तकाचे एक पान फाटले, दोघींत झिंज्या धरण्यापर्यंत भांडण झाले, आणि मुलीची आई शाळेत येऊन बाईंना बोलून गेली. तिचा नवरा आमच्या युनियनचा सभासद, म्हणून बाईंनी आम्हांला निरोप धाडला. आम्ही घरी गेलो. बाई चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, ‘‘आबा, पुस्तकाचं काय न्हाई ओ. पर त्या पोरीसंगं बसती म्हणून उद्या हिलाच कुणी नावं ठिवली तर?’’ आम्ही तीस वर्षे फाटकांवर उत्तरे देत आलो आहोत. तेथे काही सुचले नाही. त्या पाचवीच्या वर्गातली कंपासपेटीची गोष्ट तेवढी तिला सांगितली, जी आजवर आमच्या घरातही कोणाला सांगितली नव्हती. ती ऐकत होती की भाकरी थापत होती, ते कळले नाही.

पाडव्याआधी टोळी गेली. शाळेत पुन्हा जाणे झाले तेव्हा त्या मुलीचे पुस्तक आम्ही मुद्दाम मागून पाहिले. फाटलेले पान भाताच्या शितांनी चिकटवलेले होते, थोडे वाकडे, आणि समासात दोन नावे लिहिलेली होती. एक गावचे, एक बीडकडचे.